तपासला. अस्सल आहे.

१७ मार्च १९९४, गुरुवार

गुडघा पुन्हा! जिना उतरताना कटकन वाजला. आणि उद्यापासून तीन दिवस सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचंय.

दाजींचे आज तीन फोन. "मेव्हणेबुवा, किती वाजता निघायचं?" सहाला, म्हटलं. दुपारी पुन्हा — किती वाजता? अहो, सहाला! संध्याकाळी परत. या वेळी वेळ नाही विचारली. "गारलंड ओक्स येणार ना नक्की?" येईल की! तीस वर्षांत चाकूंचं एक प्रदर्शन चुकवलं नाही त्याने. बायकोची दोन बाळंतपणं चुकवली.

जेवताना ट्रेसीचा फोन, नॉक्सव्हिलहून. "मामा, डॅडीवर लक्ष ठेव. गेल्या महिन्यात शेगडी चालू ठेवून मासे धरायला गेला. मला दोनदा मम्मीच्या नावाने हाक मारली." अगं, मी तर कुत्र्याला तुझ्या नावाने हाक मारतो, म्हटलं. हसली नाही. तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी एक जागा बघून ठेवलीय म्हणे. स्वच्छ आहे, चोवीस तास नर्स. "मी एकटी ठरवणार नाही, मामा. तू त्याला रोज बघतोस. तू म्हणालास ठीक आहे, तर राहू दे तिथेच. तू म्हणालास नाही — तर मी घेऊन जाते."

घ्या! विल्मादीन, माझी बहीण, जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून दाजी ओढ्यापलीकडे एकटे. आपली लाकडं आपण फोडतात, आपला मक्याचा पाव आपण भाजतात. पंचाहत्तरी झाली, पण माझ्यापेक्षा ताठ चालतात. आणि त्यांनी कुठे राहायचं ते मी सांगायचं!

१८ मार्च, शुक्रवार

मैदानावरचा हॉल गच्च. कॉफी पाणचट. हॅमचं बिस्किट मात्र बरं होतं.

माझ्या टेबलाशी सकाळपासून रांग. घुबड छाप चाकू घेऊन येतात लोक. आमच्या गावचा कारखाना छप्पन्न साली बंद पडला आणि तेव्हापासून त्याच्या चाकूंना सोन्याचा भाव! चालू होता तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. आता एकच प्रश्न — व्हर्लिन, हा खरा की खोटा? मी भिंग लावतो. पात्याच्या मुळाशी घुबडाचा ठसा बघतो, मुठीचं हाड बघतो, रिव्हेट बघतो, उघडून-मिटून आवाज ऐकतो. खरा असला तर तपकिरी चिठ्ठी दोऱ्याने बांधून देतो — 'तपासला. अस्सल आहे. व्हर्लिन किल्गोर.' पैसे घेत नाही. पैसे घेतले की नजर फिरते.

हे सगळं शिकवलं दाजींनीच. वीस वर्षं त्या कारखान्यात पात्यांना मुठी चढवल्या त्यांनी. मी नुसता खोकी भरणारा. पण ते स्वतः कधी कोणाला निवाडा देत नाहीत. "तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली," म्हणतात.

दहाच्या सुमाराला दाजी गारलंडच्या टेबलाशी उभे दिसले. हातात दोन पात्यांचा चाकू, हाडाच्या मुठीचा, माझी चिठ्ठी लावलेला. गारलंड खिंकाळला, "डोळे मिटून घे ओडेल! व्हर्लिनची चिठ्ठी आहे. या चिठ्ठीवर मी बायकोसुद्धा करीन!" दाजींनी पातं उघडलं, कानाशी धरून मिटलं. टक्. पुन्हा. टक्. मग आपली कापडी गुंडाळी सोडली आणि त्यातला पाच पात्यांचा काढला — सांबराच्या शिंगाची मूठ, कारखान्याच्या मालकाने स्वतःच्या हाताने दिलेला! असे सगळ्या खोऱ्यात तीन नसतील. तो ठेवला टेबलावर. गारलंड काही बोलेना, तर वर आणखी एक ठेवला!

दोन देऊन एक! आणि दिलेला प्रत्येक त्या एकाच्या चौपट मोलाचा.

मी दोन हातांवर उभा. पण तोंड उघडता येत नाही. चाकू एकाच्या हातात असेपर्यंत तिसऱ्याने ब्र काढायचा नाही — स्वस्त नाही, महाग नाही, चांगला नाही, वाईट नाही. इथला हा एकच कायदा आणि तो सगळे पाळतात. मोडणाऱ्याशी पुढे कोणी सौदा करत नाही. बासष्ट साली मी मधे बोललो होतो तेव्हा दाजींनीच दंडाला असा चिमटा काढला होता की आठवडाभर काळंनिळं! आज त्यांचाच कायदा पाळत बघत राहिलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नंतर बाजूला घेतलं. दाजी, हे काय केलंत?

"आवडला."

अहो, पण दोन देऊन?

"अस्सल आहे. तूच लिहिलंयस."

मी भिंग पुसत माझ्या टेबलाकडे वळलो.

१९ मार्च, शनिवार

आज आणखी तीन.

दोन एका विधवा बाईंच्या टेबलावरून. तिसरा तर विकाऊ नव्हताच! मॉरिसटाउनचा एक शाळामास्तर, हौशी, नुसता दाखवायला घेऊन आला होता. गेल्या वर्षीची माझीच चिठ्ठी. म्हणाला, "नाही हो काका, हा मी देणार नाही, मोठ्या मुश्किलीने मिळालाय." दाजी त्याच्या मागेमागे. अक्षरशः मागेमागे! पाण्याच्या नळापाशी गाठलं, पार्किंगमध्ये गाठलं. "मला दे. काय हवं ते उचल यातलं." गुंडाळी पसरली त्याच्यापुढे, गाडीच्या बॉनेटवर. मास्तरने बावचळून तीन उचलले. उचलताना माझ्याकडे बघत होता — घेऊ का? मी आभाळाकडे बघितलं. चाकू दाजींच्या हातात होता.

चार लोक जमले होते, हसत होते. कोणीतरी म्हणालं, साठी बुद्धी नाठी. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. फोडलं नाही. गुडघा.

एक गोष्ट ध्यानात आली. दाजी चिठ्ठी नसलेल्या चाकूला हात लावत नाहीत. पण चिठ्ठीवालेही सगळे घेत नाहीत — उघडतात, आवाज ऐकतात, ठेवून देतात. वीस-पंचवीस बघितले असतील. घेतले हे चारच. आणि चारही मी तपासलेले. या वहीशी खोटं कशाला बोलू — बरं वाटलं! ज्याने शिकवलं तो शेवटी माझ्या सहीवर विसंबतो. घरातली भांडी विकायला निघालेल्या माणसाच्या बाजूला उभं राहून मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

२० मार्च, रविवार

संपलं. जाताना दाजींच्या गुंडाळीत एकतीस चाकू होते. येताना खिशात चार. नव्या चारांपायी जुने सगळे गेले, कुठे दोन, कुठे तीन, आणि विधवा बाईंना तर उरलेली अख्खी गुंडाळीच! "ठेवा बाई, तुमच्या नातवंडांना होतील."

गाडीत मला रडू येत होतं. दाजी बाजूला बसून चर्चमधलं गाणं गुणगुणत होते.

ट्रेसीला काय सांगू?

२२ मार्च

ट्रेसीचा फोन. कसं झालं प्रदर्शन? छान, म्हटलं. डॅडी? मजेत.

२७ मार्च, रविवार

दोन पानं खोडून पुन्हा लिहितोय. अक्षर बघा.

चर्चमध्ये दाजी दिसले नाहीत म्हणून ओढा ओलांडून गेलो. घरात नाहीत. मागच्या शेडमधून आवाज — ठण्. जाऊन बघतो तर शिकंज्यात मास्तरचा चाकू! पातं शिकंज्यात आवळलेलं आणि दाजींच्या हातात हातोडा. माझ्यादेखत मारला. पातं मुळाशी तुटून उडालं, घुबडाचे दोन तुकडे. मग मूठ घेतली, छिन्नी लावली, हाड उचकटलं, पितळी पत्रा वाकवला. सावकाश. शेंगा सोलतात तसं! आणि सगळे तुकडे कॉफीच्या डब्यात. डबा अर्धा भरलेला होता. बाकीचे तीनही गेले असणार, आणि कोण जाणे आधीचे किती.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. दाजी दचकले, मग डब्यावर झाकण लावलं. "गंजला होता," म्हणाले.

गंजला होता! आठ दिवसांपूर्वी मी डोळ्यांनी बघितला, आरशासारखा. दाजी, पन्नास वर्षांचा चाकू हो! तुमच्याच कारखान्यातला! कदाचित तुमच्याच हातचा!

"माझी वस्तू आहे, व्हर्लिन. मी काहीही करीन." मग जरा हळू — "तू बघायला नको होतंस."

आयुष्यभर या माणसाने चाकूला हात लावल्यावर पातं पुसल्याशिवाय खाली ठेवलं नाही. बोटाचा घाम लागतो म्हणून! आणि आज हातोडा. हा माझा दाजी नाही. कोणीतरी दुसराच माणूस त्यांचा सदरा घालून बसलाय.

कॉफी दिली मला. साखर बरोबर दीड चमचा. ते नाही विसरले.

२८ मार्च

गेलो नाही. खिडकीतून त्यांचा धूर बघितला. चूल पेटलीय म्हणजे उठलेत.

३ एप्रिल, ईस्टर

ट्रेसी आली होती. हॅम, घेवडा, केळ्याचं पुडिंग — विल्मादीनच्या पद्धतीने केलं होतं तिने, पण व्हॅनिला कमी.

जेवण झाल्यावर तिने कपाट उघडलं. चाकूंचं. रिकामं! "मामा, डॅडीचे चाकू कुठायत?" मी दाजींकडे बघितलं. दाजी पुडिंग खात होते. "मामा, तुला विचारतेय!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खोटं बोललो असतो तर? पण ती विल्मादीनसारखी बघते, भुवई उचलून. सांगितलं. सगळं. दोन देऊन एक, पार्किंगमधली ओढाताण, हातोडा, डबा.

ती रडली नाही. बापाच्या पायाशी बसली. "डॅडी, का मोडलेस?" दाजींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुझ्या आईला पण व्हॅनिला कमीच आवडायचा."

जाताना गाडीपाशी म्हणाली, "तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी गाडीचं दार लावून दिलं. येत्या शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय तिने.

८ एप्रिल, शुक्रवार

लिहू नये असं वाटतं. पण दुसरं कोण आहे ऐकायला?

डॉक्टर तरुण आहे, मऊ बोलतो. दाजींना तारीख विचारली — बरोबर. वार — बरोबर. शंभरातून सात-सात उतरत जा म्हणाला, दाजी त्याच्या आधी तळाला पोचले! मग म्हणाला, तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. दाजी म्हणाले, "आधी तुम्ही तुमचे लिहून ठेवा, नंतर भांडण नको." नर्ससुद्धा हसली. मला वाटलं, सुटले! खरंच वाटलं, आणि जीव असा हलका झाला...

मग डॉक्टरने मला विचारलं. चाकूंचं कसं काय?

सांगितलं.

"ते चाकू मौल्यवान होते हे कशावरून?"

आता इथे मी काय बोलायला हवं होतं? मी म्हणालो, "कारण ते मी तपासले होते. चौदा वर्षं हेच करतोय. माझी सही आहे त्यांच्यावर." छाती काढून म्हणालो, देवा!

डॉक्टर दाजींकडे वळला. "तुम्ही मोडलेत ते?"

"हो."

"का मोडलेत?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटलं आता काहीतरी सांगतील, निदान गंजाचं तरी. ओठ हलले, आणि मग मान खाली घातली.

"आठवत नाही."

झालं. डॉक्टरने पेन उचललं. घरातल्या माणसाचं लेखी हवं म्हणाला, ट्रेसीने माझ्यापुढे कागद सरकवला. मी लिहून दिलं — स्वतःच्या मौल्यवान वस्तू कारण नसताना नष्ट करतात, नंतर आठवत नाही. खाली सही. तीच सही, जी चिठ्ठीवर करतो.

१६ एप्रिल, शनिवार

नेलं.

एक सूटकेस. विल्मादीनचा फोटो, दाढीचं सामान, दोन सदरे. चाकू नेता येत नाही तिथे. आयुष्यात पहिल्यांदा खिशात चाकू नसलेले दाजी बघितले. सारखा हात खिशाकडे जात होता, रिकामा बाहेर येत होता.

कुरकुर नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! उलट मला म्हणाले, "कोंबड्यांना दाणे टाक. आणि गुडघ्याला एरंडेल चोळत जा, मेव्हणेबुवा." शहाणं माणूस बोलतं तसंच की हे! मी ट्रेसीकडे बघितलं. ती म्हणाली, "काही दिवस चांगले असतात, मामा. डॉक्टर म्हणालेत."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी कितीतरी वेळ तिथेच. शेजारची बाई येऊन विचारून गेली, बरं आहे ना?

१९ एप्रिल

कोंबड्या अंडी देत नाहीत.

२४ एप्रिल, रविवार

घर भाड्याने द्यायचंय म्हणून ट्रेसीने शेड आवरायला सांगितलं. सकाळी गेलो. कॉफीचा डबा बाकाखाली होता. टाकून द्यायचा तर द्यायचा, पण म्हटलं एकदा बघू, एखादं पातं वाचलं असेल, एखादी मूठ.

बाकावर ओतला. वर माझ्या चिठ्ठ्या होत्या. फाडल्या नव्हत्या. नीट एकावर एक, दोऱ्याने बांधलेल्या. मोजल्या तर नऊ. म्हणजे प्रदर्शनातले चार आणि त्याआधीचे पाच. गेलं वर्षभर चाललं होतं तर हे.

मग पितळी पत्रे. चाकूच्या मुठीखाली जो पत्रा असतो, त्याची हाडाकडची बाजू कोणाला कधी दिसत नाही — चाकू मोडल्याशिवाय नाहीच. त्या बाजूला काहीतरी खरवडलेलं होतं. भिंग काढलं. दाजींचं अक्षर. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची त्यांची सवय, ती पण तशीच.

७ — नोव्हें. ७१.

मला आधी कळलंच नाही. दुसरा उचलला. ३ — ऑग. ७१. तिसरा. ९ — जाने. ७२. खाली बसलो. सगळे लावले ओळीने. एक ते नऊ, एकही आकडा गळलेला नाही.

कारखाना बंद पडला छप्पन्नला.

खालच्या खणात तेलकट फडक्यात घुबडाचा ठसा सापडला. खराखुरा, कारखान्यातला! हाडाचे उरलेले तुकडे, पितळी पत्र्याच्या पट्ट्या, सगळं कारखान्यातलंच. आणि हात तर कारखान्यातला होताच. मी कसा ओळखणार? कोण ओळखणार! खरा ठसा, खरं हाड, खरा कारागीर, नुसतं साल खोटं. एकाहत्तर. त्या वर्षी विल्मादीनचं ऑपरेशन झालं होतं नॅशव्हिलला. मी विचारलं होतं, दाजी, पैशाचं कसं जमवलंत? "जमलं," म्हणाले होते.

नऊ चाकू बाजारात सोडले त्यांनी, माझ्या बहिणीसाठी. पुढे मी एकेक करून त्या नऊच्या नऊ चाकूंवर लिहून दिलं — अस्सल आहे. त्यांच्यासमोर. त्यांच्याच शेजारी बसून! दर वेळी दाजी उठून कॉफी आणायला जायचे. मी समजायचो, कंटाळले.

आणि म्हातारपणी माणूस आपले खरे देऊन ते खोटे परत गोळा करत फिरत होता, मोडून टाकायला. प्रदर्शनानंतर आठवड्याने नवव्यावर हातोडा पडला असेल तेव्हा म्हणाले असतील, सुटलो. तेवढ्यात मी दारात ओरडत उभा.

ट्रेसीला फोन लावला. ठेवून दिला. पुन्हा लावला, ती म्हणाली हॅलो, मी म्हटलं कोंबड्या ठीक आहेत.

२५ एप्रिल, सोमवार

गेलो. नॉक्सव्हिलच्या त्या जागी दाजी व्हरांड्यात बसले होते. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. बघितला आणि सदऱ्याच्या आत सरकवला. का नाही बोललात, म्हटलं, डॉक्टरसमोर एक शब्द बोलला असतात तर आज घरी असता! "तुझ्या सहीवर तीनशे लोकांनी चाकू घेतलेत, व्हर्लिन. नऊ खोटे निघाले म्हटल्यावर बाकीचे कोण खरे मानणार? रस्त्यात गाठून मारतील तुला." मी आजच सांगतो सगळ्यांना, म्हटलं, ट्रेसीला, डॉक्टरला. "गप बस. एक जण खुळा ठरला, तेवढं पुरे." तेवढ्यात नर्स गोळ्या घेऊन आली. गोड मुलगी. ओडेल, आज कोण आलंय भेटायला, म्हणाली. दाजींनी माझा हात घट्ट धरला आणि तिच्याकडे बघून हसले — "हा होबार्ट. माझा धाकटा भाऊ." होबार्ट आठ वर्षांचा असताना, एकतीस साली, नदीत बुडाला. नर्सने दाजींच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं, समजुतीने मान हलवली. मीही हलवली.